रक्ताच्या डागांचा ४० तासांचा वर्ग: बचाव पक्षाच्या वकिलाचा अभिप्राय

मी फौजदारी खटल्यांत बचाव पक्षाकडून उभी राहते. साक्षीच्या पिंजऱ्यात तज्ज्ञ येतो, भिंतीवरच्या शिंतोड्यांचे फोटो दाखवतो आणि सांगतो, मारणारा इथे उभा होता, मार खाणारा गुडघ्यांवर होता, हत्यार अमुक वेळा उचललं गेलं. त्याच्या आवाजात शंका नसते. अशा साक्षीला नेमका कुठे हात घालायचा हे नुसतं वाचून अर्धवटच कळतं, म्हणून मी रक्ताच्या डागांच्या विश्लेषणाचा ४० तासांचा मूलभूत वर्ग केला. सोबत तपास अधिकारी होते, प्रयोगशाळेतले तरुण शास्त्रज्ञ होते, न्यायवैद्यक शिकणाऱ्या काही मुली होत्या. वकील मी एकटीच.

निकाल आधी सांगते. प्रात्यक्षिकांसाठी हा वर्ग फार चांगला आहे, घ्यावाच. कापडावरच्या डागांचं सत्र तोकडं आहे. परीक्षा चुकीची बांधली आहे. आणि शेवटी हातात पडणाऱ्या प्रमाणपत्राच्या जोरावर कुणी थेट न्यायालयात मत द्यायला जाणार असेल, तर ते प्रमाणपत्र तेवढं वजन पेलत नाही.

शेवटचं वाक्य कडक वाटेल, पण त्यामागे एका माणसाची तीसहून जास्त वर्षं आहेत. टेक्सासमधल्या जो ब्रायन या शाळेच्या मुख्याध्यापकाच्या पत्नीचा १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये घरात गोळ्या घालून खून झाला. तो त्या वेळी ऑस्टिनला मुख्याध्यापकांच्या परिषदेला गेला होता, घरापासून सुमारे १२० मैलांवर. त्याच्या गाडीच्या डिकीत एक टॉर्च सापडली, तिच्या काचेवर बारीक ठिपके होते. एका पोलीस अधिकाऱ्याने साक्ष दिली की गोळी झाडली तेव्हा ही टॉर्च जवळ होती. त्या अधिकाऱ्याचं या विषयातलं शिक्षण होतं ४० तासांचा एक वर्ग. ब्रायन दोनदा दोषी ठरला. २०१८ मध्ये टेक्सासच्या न्यायवैद्यक आयोगाने ते विश्लेषण शास्त्रीय आधाराला धरून नव्हतं असं म्हटलं, आणि त्या अधिकाऱ्यानेही आपले निष्कर्ष चुकले होते हे लिहून दिलं. ब्रायन २०२० मध्ये पॅरोलवर बाहेर आला. शिक्षा मात्र रद्द झाली नाही. त्यामुळे '४० तास' हे शब्द माहितीपत्रकावर दिसले की मी ते पत्रक दोनदा वाचते.

आता वर्गाकडे येते. मोठी खोली, भिंतींना पांढरा कागद, जमिनीवर प्लॅस्टिक. प्रत्येकाला अंगभर झगा, हातमोजे, चष्मा. बहुतेक प्रयोग डुकराच्या रक्तावर होते. ते गोठू नये म्हणून त्यात औषध घातलेलं आणि वापरण्यापूर्वी कोमट करून ३७ अंशांवर आणलेलं. संयोजकांनी इथे काटकसर केली नाही याचं मला फार समाधान आहे. लाल रंगाच्या पाण्यावर हा विषय शिकवता येत नाही. रक्त पाण्याच्या तीन ते चार पट चिकट असतं, आणि ते जोरात हललं की त्याचा चिकटपणा कमी होतो. पाण्याचा तसा होत नाही. थेंब कसा तुटतो, कसा आपटतो, त्याच्या कडेला काटे फुटतात की नाही, हे सगळं यावर ठरतं. एक गोष्ट मात्र या रक्तात दिसू शकत नाही, ती म्हणजे गोठणं. खऱ्या जागी रक्ताच्या थारोळ्यात गुठळी धरते, पिवळसर द्रव वेगळा होतो, आणि त्यावरून हल्ला आणि नंतरची हालचाल यांत वेळ गेला होता का याचा अंदाज बांधता येतो. तो भाग फोटोंवर उरकला. दुसरा इलाज नव्हता हे मला मान्य आहे.

पहिलं मोठं प्रात्यक्षिक सरळ खाली पडणाऱ्या थेंबांचं. साधारण ०.०५ मिलीलिटरचा एक थेंब, वेगवेगळ्या उंचीवरून, काचेवर, फरशीवर, पुठ्ठ्यावर, न रंधलेल्या लाकडावर. उंची वाढवत गेलं की डागाचा व्यास आधी वाढतो, मग वाढ मंदावते आणि जवळजवळ थांबते. मुख्य शिक्षिकेने, ज्यांची सगळी कारकीर्द प्रयोगशाळेत गेली आहे, उंचीच्या चिठ्ठ्या उलट्या ठेवून आम्हाला डाग उंचीप्रमाणे लावायला सांगितले. बहुतेकांनी लाकडावरचा काटेरी, भोवती बारीक शिंतोडे उडालेला डाग सर्वांत उंचावरचा म्हणून लावला. तो सर्वांत खालून पडलेला होता. काचेवरचा गोल, नितळ कडेचा डाग उंचावरचा निघाला. पृष्ठभाग खडबडीत असेल तर थेंबाची कड फाटते. उंचीचा त्यात वाटा कमी. "डागाआधी जमीन बघा," एवढंच बाई म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. उलटतपासणीत मी यापुढे पहिला प्रश्न हाच विचारणार आहे: ज्या पृष्ठभागावर डाग मिळाला, त्याच पृष्ठभागावर तुम्ही चाचणी करून पाहिली का?

मग आला कोन. तिरक्या पृष्ठभागावर थेंब पडला की डाग लंबगोल होतो, आणि त्याची रुंदी भागिले लांबी म्हणजे आपटण्याच्या कोनाचा साइन. फ्रेंच न्यायवैद्यक तज्ज्ञ व्हिक्टर बाल्थाझार आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब १९३९ मध्ये मांडला, आजही तोच वापरतात. रुंदी ५ मिलिमीटर, लांबी १० मिलिमीटर, तर कोन ३० अंश. शाळेतलं गणित. खुबी मोजण्यात आहे: शेपटी धरायची नाही, काटे धरायचे नाहीत, लंबगोल जिथे पूर्ण झाला असता तिथेच थांबायचं. तो कुठे पूर्ण झाला असता, हे मात्र मोजणाऱ्याचा डोळा ठरवतो.

या सत्राची बांधणी मला सर्वांत आवडली. सगळ्यांनी तेच डाग भिंग आणि कॅलिपर घेऊन मोजले आणि प्रत्येकाचं उत्तर फळ्यावर लिहिलं गेलं. ३० अंशांच्या डागावर आमची उत्तरं एकमेकांना चिकटून होती. ८० अंशांच्या डागावर ती इतकी पांगली की फळ्यावर जागा पुरेना. कारण बाईंनी तिथेच आकड्यांत दाखवलं. ३० अंशांच्या डागाची लांबी १० ऐवजी १०.५ मिलिमीटर मोजली तर उत्तर २८.४ अंश येतं, म्हणजे दीड अंशाची चूक. डाग ८० अंशांचा, रुंदी ९.८५, लांबी १०. तीच लांबी १०.५ मोजली तर उत्तर ७० अंशांच्याही खाली घसरतं. चूक तीच, अर्ध्या मिलिमीटरची, पण कोनात फरक दहा अंशांचा. जवळजवळ गोल डागावरून कोन सांगणाऱ्या तज्ज्ञाला त्याची चूक-मर्यादा विचारायलाच हवी, आणि ती त्याच्या अहवालात लिहिलेली नसेल तर तो अहवाल अपुरा आहे.

दोऱ्यांचं सत्र सगळ्यांना माहीत असलेलं, छायाचित्रांत दिसणारं. स्प्रिंगच्या हातोड्याने रक्ताने भिजलेल्या स्पंजवर फटका मारला, समोरच्या भिंतीवर शिंतोडे उडाले. आधी डागांच्या लांबट अक्षांवरून मागे रेघा काढून त्या कुठे एकत्र येतात ते पाहायचं, मग प्रत्येक डागाच्या कोनाने दोरा खोलीत ताणायचा. दोरे एका जागी गोळा होतात तो रक्ताचा उगम. सुरेख दिसतं. पण स्पंज किती उंचीवर होता हे आम्हाला ठाऊक होतं, आणि दोऱ्यांनी दाखवलेला उगम त्याहून वर होता. चूक कुणाच्या हाताची नव्हती. थेंब सरळ रेषेत येत नाही. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं, तो कमानीत येतो. दोरा मात्र सरळ, त्यामुळे तो उगम नेहमी वरच दाखवतो, आणि डाग उगमापासून जितका लांब, थेंब जितका मंद, तितका जास्त वर. म्हणजे दोऱ्यांनी मिळणारी उंची ही कमाल मर्यादा आहे. रक्त त्याच्या वरून आलं नाही, एवढं म्हणता येतं.

माणूस उभा होता की बसलेला, हा प्रश्न खुनाच्या खटल्यात स्वसंरक्षणाचा मुद्दा आला की जीवनमरणाचा होतो. त्या ठिकाणी कमाल मर्यादा आणि प्रत्यक्ष उंची यांची गल्लत झाली तर बसलेला माणूस उभा ठरतो. संगणकावरचे प्रोग्राम दोऱ्यांचं काम झटपट करतात, पण सरळ रेषेचं गृहीतक धरणारा प्रोग्राम तीच मर्यादा बरोबर घेऊन येतो. हे शिक्षिकेने आपणहून सांगितलं, कुणी विचारायच्या आधी. त्यासाठी या वर्गाला माझे पैकीच्या पैकी गुण.

काठी फिरवून उडणाऱ्या डागांचं सत्र छोटं पण चोख होतं. रक्ताळलेलं हत्यार मागे उचललं की छतावर, भिंतीवर डागांची रांग उमटते, आणि रांगा मोजून वार मोजता येतात असा समज आहे. प्रत्यक्षात पहिल्या वाराआधी हत्यारावर रक्तच नसतं, आणि दोन रांगा एकमेकींवर पडू शकतात. त्यामुळे मोजणी नेहमी 'किमान' या शब्दाने सुरू व्हायला हवी. तोंडातून फुंकलेल्या रक्ताचं सत्रही लक्षात राहिलं. तिथे कृत्रिम रक्त दिलं होतं. श्वासाबरोबर आलेले ठिपके इतके बारीक असतात की आकारावरून ते गोळीच्या जखमेतून उडालेल्या फवाऱ्यासारखेच दिसतात. हवेच्या बुडबुड्यांची कडी किंवा लाळेची पातळ छटा दिसली तर ओळख पटते, नाही दिसली तर पटत नाही. जखमी माणसाच्या तोंडाजवळ वाकून त्याला वाचवू पाहणाऱ्याच्या सदऱ्यावर असे ठिपके उडू शकतात, हे मी वहीत अधोरेखित केलं.

आता तक्रारी. हस्तपुस्तिकेतल्या एका तक्त्यात अजूनही कमी, मध्यम आणि उच्च वेग अशी डागांची जुनी विभागणी आहे. बारीक ठिपका म्हणजे उच्च वेग, उच्च वेग म्हणजे गोळी, ही साखळी तिथूनच जन्मते, आणि फुंकलेल्या रक्ताच्या सत्रात आम्ही ती आमच्याच हातांनी तोडली होती. आजची मानक शब्दावली डागाला वेगाचं नाव देत नाही. तो आदळण्याने झाला, टपकण्याने, फेकण्याने की स्पर्शाने, असं यंत्रणेचं नाव देते. शिक्षिका बोलताना नवी भाषा वापरत होत्या आणि पुस्तिका जुनी. तपास अधिकारी घरी पुस्तिका घेऊन जातात. तो तक्ता काढून टाकायला हवा.

कापडाच्या सत्राबद्दल मला राग आहे, आणि तो लपवण्याचं कारण नाही. एकच जाड सुती कापड, घाईघाईत दाखवलेले नमुने, चर्चा जवळजवळ नाही. इंडियाना राज्यातल्या डेव्हिड कॅमचा खटला ज्याने वाचला आहे त्याला हे पटणार नाही. २००० च्या सप्टेंबरमध्ये त्याची पत्नी आणि दोन मुलं मारली गेली. त्याच्या टी-शर्टवर आठ बारीक ठिपके होते. अभियोग पक्षाचे तज्ज्ञ म्हणाले, हे गोळीच्या वेळी उडालेलं रक्त. बचावाचे तज्ज्ञ म्हणाले, मुलाला उचलताना मुलीच्या रक्ताळलेल्या केसांचा स्पर्श झाला. तो दोनदा दोषी ठरला, दोन्ही निकाल अपिलात उलटले, आणि २०१३ मध्ये तिसऱ्या खटल्यात तो निर्दोष सुटला. अनुभवी माणसं तेच ठिपके बघून दोन टोकांना गेली, कारण विणलेल्या कापडात रक्त धाग्यांमधून पसरतं, कड हरवते, आणि उडालेला थेंब व टेकलेला स्पर्श यांतला फरक पुसट होतो. २०१६ च्या एका अभ्यासात विश्लेषकांना डागांचा प्रकार ओळखायला दिला होता. कठीण, न शोषणाऱ्या पृष्ठभागांवर सुमारे १३ टक्के वर्गीकरणं चुकली, कापडांवर सुमारे २३ टक्के. आरोपीच्या अंगावरचे कपडे हाच पुष्कळदा पुराव्याचा कणा असतो. ज्या पृष्ठभागावर चुका सर्वांत जास्त होतात त्यालाच सर्वांत कमी वेळ, हे मला पटत नाही. विणीचा बनियन, डेनिम, सिंथेटिक सदरा, धुतलेलं आणि न धुतलेलं कापड, हे सगळं शेजारी शेजारी ठेवून पुरेसा वेळ द्यायला हवा.

इतिहासाचं सत्र वेगाने आटोपलं. एडुआर्ड पिओत्रोव्स्कीने १८९५ मध्ये सशांवर केलेले प्रयोग, १९५५ मध्ये अमेरिकन न्यायवैद्यक शास्त्रज्ञ पॉल कर्क यांनी पत्नीच्या खुनात दोषी ठरलेल्या डॉक्टर सॅम शेपर्डच्या प्रकरणात दिलेलं प्रतिज्ञापत्र, १९७१ चं हर्बर्ट मॅकडोनेल यांचं काम आणि १९७३ पासून त्यांनी सुरू केलेले वर्ग. मॅकडोनेल यांचे विद्यार्थी पुढे स्वतः शिकवू लागले आणि थोड्या दिवसांचा वर्ग ही या क्षेत्राची रूढ वाट बनली. हा धागा शिक्षिकेने अर्ध्यावर सोडला. मला तो पुढे २००९ पर्यंत न्यावासा वाटला, जेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने या विश्लेषणातली अनिश्चितता प्रचंड आहे असं स्पष्ट लिहिलं आणि तज्ज्ञांची मतं शास्त्रीय असण्यापेक्षा व्यक्तिनिष्ठ असतात असं नोंदवलं. विद्यार्थ्यांच्या हातात तो उतारा द्यायला एक पान लागलं असतं.

पण नमुना-खोल्यांचं सत्र असं होतं की त्यासाठी मी बाकीचं बरंच विसरायला तयार आहे. सारखीच मांडलेली खोली, दोन गट. एका गटाला सांगितलं होतं की घरात भांडण ऐकू आलं. दुसऱ्याला सांगितलं होतं की माणूस आजारी होता, रक्ताच्या उलट्या होत होत्या, तो पडला असावा. दोन्ही गटांनी फोटो काढले, डाग मोजले, नकाशे केले. मेहनतीत कुणी कमी पडलं नाही. पहिल्या गटाच्या अहवालात भिंतीवरचे ठिपके 'आघाताने उडालेले' होते, दुसऱ्याच्या अहवालात तेच 'तोंडातून आलेले'. अहवाल शेजारी शेजारी लावले गेले तेव्हा एक तरुण अधिकारी म्हणाला, "मॅडम, आम्हाला भांडणाचं सांगितलंच नसतं तर आम्ही हे लिहिलं नसतं." बाईंनी त्याला ते वाक्य वहीत लिहून ठेवायला सांगितलं. मग सर्वांना कहाणी बाजूला ठेवून फक्त डागांचं वर्णन लिहायचा नमुना दिला: आकार, जागा, दिशा, शक्य असलेल्या सर्व यंत्रणा, आणि त्यांपैकी कोणती का वगळली. प्रत्यक्ष कामात हाच क्रम पाळला जावा म्हणून मी ज्या प्रत्येक खटल्यात असेन तिथे आग्रह धरेन. तज्ज्ञाला घटनेची कहाणी कधी कळली, डाग बघण्याआधी की नंतर, हा प्रश्न आता माझ्या यादीत वरच्या जागी आहे.

आणि एवढं शिकवून झाल्यावर परीक्षा अशी की प्रत्येक फोटोखाली डागाच्या प्रकारांचे चार पर्याय, त्यांतला एक निवडायचा. 'ठरवता येत नाही' हा पर्याय एकाही प्रश्नाला नव्हता. मी तो हाताने लिहिला आणि त्या उत्तरांचे गुण गेले. गुणांचं मला काही नाही, पण शेजारच्या बाकावर बसलेला मुलगा उद्या घटनास्थळी जाणार आहे आणि त्याला आम्ही आज शिकवलं की पर्याय निवडावाच लागतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत प्रत्यक्ष काम करणाऱ्या ७५ विश्लेषकांनी मिळून १९२ नमुन्यांवर उत्तरं दिली होती. उत्तरं ज्ञात असलेल्या नमुन्यांवर सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास उत्तरं चुकीची निघाली, आणि तीच चूक दुसऱ्या विश्लेषकानेही केल्याचे प्रसंग थोडे नव्हते. म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञाने पुष्टी दिली एवढ्याने प्रश्न मिटत नाही. अशा विषयाच्या परीक्षेत 'सांगता येत नाही' या उत्तराला पूर्ण गुण मिळायला हवेत, ते योग्य जागी लिहिलं असेल तर. मी संयोजकांना तसं पत्र पाठवलं आहे, सोबत तो वेगाचा तक्ताही खूण करून जोडला आहे.

प्रमाणपत्रावर 'वर्ग पूर्ण केला' एवढंच छापलं आहे, 'तज्ज्ञ' असा शब्द नाही. हे प्रामाणिक आहे. त्याखाली आणखी एक ओळ असावी, की धारकाने स्वतंत्र मत देण्यापूर्वी अनुभवी विश्लेषकाच्या देखरेखीखाली काम करावं आणि त्याची नियमित प्रावीण्य चाचणी व्हावी.

वकिलांनी हा वर्ग जरूर करावा, दोन्ही बाजूंच्या. न्यायाधीशांसाठी कोन, दोरे आणि नमुना-खोल्या एवढ्याच सत्रांचा लहान वर्ग काढला तर फार उपयोग होईल. तपास अधिकाऱ्यांनी करावा तो मुख्यतः डाग कसे जपावेत, पट्टी ठेवून काटकोनात फोटो कसा घ्यावा आणि कशावरून चालू नये यासाठी. ते सत्र उत्तम होतं. जाताना स्वतःचं भिंग न्या, तिथली काही ओरखडलेली आहेत. आणि कापडाच्या सत्राला घरून जुना विणीचा टी-शर्ट घेऊन जा. मधल्या सुट्टीत विनंती केली तर बाई त्यावर थेंब टाकून देतात.